फोर्ड रेंजरच्या मागच्या चाकांना २४ इंच चाल: लिंक सस्पेन्शन बांधण्याची पद्धत

"मागे २४ इंच ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली हलण्याची चाल) आहे" असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, त्यातली वर किती आणि खाली किती? चाक खाली लोंबवणं सोपं आहे. लांब शॉक, लांब शॅकल (पाट्याच्या टोकाचा झुलता दुवा) आणि लांब ब्रेक होज लावले की ॲक्सल खाली उतरतो, आणि जॅकवर घेतलेल्या ट्रकचा फोटो छान येतो. पण ताशी ६० मैलांनी खड्ड्यावर आदळलेलं चाक वर यायला जागा मागतं. ती जागा फ्रेम कापल्याशिवाय, हौदा कापल्याशिवाय आणि इंधनाची टाकी हलवल्याशिवाय मिळत नाही. म्हणून खालच्या पद्धतीत प्रत्येक माप पूर्ण दाबलेल्या चाकापासून सुरू होतं. लोंबतं चाक नंतर येतं.

उदाहरणासाठी घेतलाय १९९३ ते १९९७ या काळातला फोर्ड रेंजर, मागची चाकं फिरवणारा, सुपरकॅब (लांब केबिनचा), १२५ इंच व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर). दक्षिण कॅलिफोर्नियात वाळवंटी ट्रक बांधणाऱ्यांचा हा जुना लाडका गडी. पुढे फोर्डचा ट्विन आय-बीम (दोन आडव्या तुळयांवर झुलणारी चाकं) असल्याने पुढची चाल कमी खर्चात वाढते, आणि मागे सरळ फ्रेमवर साधे पाटे आहेत. असे ट्रक बाहा कॅलिफोर्नियातल्या शर्यतींच्या वातावरणात वाढले. १९६७ साली तिहुआनाहून ला पाझपर्यंत पहिली मोठी शर्यत झाली, तीच आज बाहा १००० म्हणून ओळखली जाते. १९९४ मध्ये तिथे शर्यतीसाठीच बांधलेल्या ट्रॉफी ट्रकचा वर्ग आला आणि मागच्या चाकांची चाल ३० इंचांकडे सरकू लागली. त्या द्वीपकल्पातल्या रस्त्यावर वाहनांनीच खणलेले एकामागून एक उंचवटे मैलोन् मैल असतात, त्यांना तिथे 'व्हूप्स' म्हणतात. या लेखातलं सस्पेन्शन अशा जमिनीसाठी आहे. खडकांवर हळू चढणाऱ्या ट्रकचं गणित वेगळं असतं, तिथे लोंबत्या चालीला जास्त मान आहे.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसच्या मागेही पाटेच आहेत, त्यामुळे खालचं गणित त्यांनाही लागू पडतं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. फ्रेम कापलेला ट्रक रस्त्यावर चालवायचा विचारही करू नये. फक्त बंदिस्त ट्रॅकवर, ट्रेलरवरून नेऊन चालवायचा ट्रक असेल तरच हे काम हातात घ्यावं.

आधी पाट्यांचा विचार करा

ट्रकमध्ये सामान वाहायचं असेल, रोज कामाला न्यायचा असेल, तर लिंक सस्पेन्शन बांधू नका. चांगल्या कारागिराकडून बनवलेले लांब, पातळ पानांचे पाटे, योग्य कोनातले शॅकल, हौद्यातून वर काढलेले लांब शॉक आणि हायड्रॉलिक बंप स्टॉप (चाल संपताना मार झेलणारे आडकाठे) एवढ्यावर १४-१५ इंच उपयोगी चाल मिळते. बऱ्याच जणांना त्यापुढे खरोखर गरज नसते. पाटा एकाच वेळी वजन उचलतो, ॲक्सलला जागेवर धरतो आणि आपल्या पानांच्या घर्षणाने थोडं डॅम्पिंगही (हालचाल शांत करणं) करतो. त्याची मर्यादा अशी की लांब चालीत तो इंग्रजी 'एस' अक्षरासारखा पिळतो, ॲक्सलचं नाक वर उचलतं आणि टॉर्क मिळाला की चाक उड्या मारतं.

लिंक सस्पेन्शनमध्ये ही कामं वेगळी होतात. जागेवर धरायचं काम लिंक करतात, वजन स्प्रिंग उचलते, ऊर्जा शॉक खातो. प्रत्येक काम स्वतंत्रपणे जुळवता येतं हा फायदा, आणि प्रत्येक काम स्वतःच जुळवावं लागतं ही किंमत.

मांडणी

खाली दोन ट्रेलिंग आर्म. एक टोक कॅबच्या मागच्या कडेजवळ फ्रेमला, दुसरं ॲक्सलखाली. वर दोन लिंक, ॲक्सल हाऊसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) माथ्यावर जवळ आलेल्या आणि पुढे फ्रेमकडे फाकलेल्या. या फाकण्यामुळेच ॲक्सल आडवा सरकत नाही, वेगळा आडवा रॉड लागत नाही. वरून पाहताना दोन्ही वरच्या लिंकमधला कोन मिळून किमान ४० अंश असावा. त्याहून कमी ठेवला तर वळणावर मागचा भाग हलल्यासारखा वाटतो आणि जॉइंट लवकर झिजतात. शॉक ट्रेलिंग आर्मवर बसतात.

ॲक्सलचं काय? चार लिटर इंजिनच्या रेंजरमध्ये बहुधा ८.८ इंचाचा (आतल्या मोठ्या गिअरचा व्यास) ॲक्सल असतो, लहान इंजिनाच्या गाड्यांत ७.५ इंचाचा. ७.५ चा विचार सोडून द्या. ८.८ चालतो, पण त्याचा मधला भाग ओतीव लोखंडाचा आहे आणि दोन्ही नळ्या त्यात दाबून बसवलेल्या असतात. वरच्या लिंकचा सगळा ओढा त्या ओतीव भागावर येणार. ओतीव लोखंडाला वेल्ड करायचं तर आधी तापवणं, निकेलच्या कांड्या वापरणं, राखेत किंवा ब्लँकेटमध्ये हळूहळू थंड करणं आलं. माझं मत स्पष्ट आहे: २४ इंच चालीसाठी पत्र्याचं फॅब्रिकेट केलेलं नऊ इंची हाऊसिंग घ्या. फोर्डचा नऊ इंची ॲक्सल १९५७ पासूनचा आहे, त्याचा गिअरचा भाग पुढून एकसंध बाहेर येतो आणि त्याचे सुटे भाग दक्षिण कॅलिफोर्नियात सहज मिळतात. परवडत असेल तर फुल फ्लोटिंग हब घ्या. मग ट्रकचं वजन हबच्या बेअरिंगवर राहतं, ॲक्सल शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो, आणि शाफ्ट तुटला तरी चाक निखळत नाही.

कागदावरचं काम

इथे घाई करणारे नंतर दुप्पट पैसे घालवतात. मोठा ग्राफ पेपर किंवा संगणक, काहीही चालेल. ट्रक सपाट जमिनीवर उभा करा, जमीन पाणसळीने तपासा. मग ज्या उंचीवर ट्रक उभा राहायला हवा त्या उंचीवर (राइड हाइट) फ्रेम टेकवा. यापुढे सगळी मापं जमिनीपासून.

आपल्या ट्रकवर ३५ इंची टायर आहेत. २४ इंच चालीची वाटणी मी १५ वर आणि ९ खाली अशी धरतो. व्हूप्समध्ये जास्त काम वरची चाल करते. लोंबती चाल ९ इंचांपेक्षा कमी झाली तर मात्र खड्ड्यावरून जाताना चाक जमीन सोडतं आणि ट्रक वळत नाही.

ट्रेलिंग आर्म पिव्हटपासून ॲक्सलच्या जोडापर्यंत ४८ इंच. राइड हाइटला आर्मचं मागचं टोक पुढच्या पिव्हटपेक्षा ३ इंच खाली ठेवायचं. मग पूर्ण दाबल्यावर ते पिव्हटच्या १२ इंच वर जातं आणि पूर्ण लोंबल्यावर १२ इंच खाली, दोन्ही बाजू सारख्या. या कमानीत ॲक्सल दोन्ही टोकांना राइड हाइटपेक्षा जवळजवळ दीड इंच पुढे येतो. हौद्याच्या पत्र्यात पुढच्या बाजूला तेवढी जागा सोडायला विसरू नका. टायर वर जाताना पुढेही जातो, आणि बऱ्याच ट्रकचा पत्रा नेमका तिथेच कापलेला दिसतो.

आता बाजूने पाहून लिंकच्या रेषा काढा. मापं अशी धरू: खालचा आर्म मागे जमिनीपासून १४ इंचांवर, पुढे १७ इंचांवर. वरची लिंक ३६ इंच लांब, मागे २५ इंचांवर आणि पुढे साडेतेवीसवर. दोन्ही रेषा पुढे वाढवल्या की त्या ॲक्सलपासून सुमारे १०६ इंच पुढे, जमिनीपासून २०.६ इंचांवर मिळतात. हा तात्कालिक केंद्रबिंदू. मागच्या टायरचा जमिनीला टेकलेला बिंदू आणि हा बिंदू जोडणारी रेषा पुढच्या ॲक्सलच्या उभ्या रेषेपर्यंत न्या. ती तिथे २४.४ इंचांवर लागते. ट्रकचा गुरुत्वमध्य ३० इंचांवर धरला तर ॲन्टी-स्क्वॉट ८१ टक्के.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण इथेच ट्रकचा स्वभाव ठरतो. १०० टक्क्यांना, ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे सरकणारं वजन लिंक स्वतः पेलतात, स्प्रिंग दबत नाही. त्याहून बराच जास्त ठेवला तर ट्रकचा मागचा भाग गॅस दिल्यावर वर उचलतो, सस्पेन्शन ताठरतं आणि व्हूप्समध्ये चाकं थरथरतात. फार कमी ठेवला तर प्रत्येक वेळी गॅस दिला की ट्रक मागे बसतो आणि तुमची मौल्यवान वरची चाल फुकट जाते. वाळवंटी ट्रकला ७० ते १०० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा असं माझं मत. राइड हाइटचा आकडा काढून थांबू नका. १० इंच दाबलेल्या आणि ६ इंच लोंबलेल्या स्थितीतही पुन्हा रेषा काढा. आकडा हळूहळू बदलत असेल तर ठीक. मध्येच उसळी मारत असेल तर वरच्या लिंकचं पुढचं टोक एखाद-दीड इंच वर-खाली करून पाहा. म्हणून फ्रेमकडच्या ब्रॅकेटला मी एकाऐवजी उभ्या रांगेत तीन भोकं पाडायला सांगतो.

स्प्रिंगचं गणित

शॉक ट्रेलिंग आर्मवर पिव्हटपासून ३६ इंचांवर बसतो. ४८ मधले ३६, म्हणजे मोशन रेशो (चाकाच्या हालचालीच्या मानाने शॉकची हालचाल) ०.७५. चाक २४ इंच हललं की शॉक १८ इंच हलतो. शॉक तिरका असला की गुणोत्तर थोडं उतरतं, म्हणून तो राइड हाइटला आर्मशी काटकोनाच्या जवळ ठेवावा.

बांधलेला ट्रक ४,००० पौंडांचा धरू, त्यातले निम्मे मागे. ॲक्सल, चाकं, ब्रेक यांचं ६०० पौंड वजन स्प्रिंगवर येत नाही. उरले १,४०० पौंड, प्रत्येक बाजूला ७००. शॉक चाकापेक्षा पिव्हटच्या जवळ असल्याने त्याला ७०० भागिले ०.७५, म्हणजे ९३३ पौंड पेलावे लागतात. पूर्ण लोंबत्या स्थितीपासून राइड हाइटपर्यंत चाक ९ इंच चढतं, शॉक ६.७५ इंच दबतो. त्यात प्रीलोडचा (बसवतानाच स्प्रिंग दाबून ठेवल्याचा) १ इंच मिळवा. ९३३ भागिले ७.७५, उत्तर १२० पौंड प्रति इंच.

कॉइलओव्हरवर (बाहेरून स्प्रिंग बसवलेल्या शॉकवर) दोन स्प्रिंग एकावर एक असतात. वरची २०० ची आणि खालची ३०० ची घेतली तर एकत्र दर २०० गुणिले ३०० भागिले ५००, बरोबर १२०. चाकाशी हा दर ०.७५ च्या वर्गाने गुणून मिळतो, साडेसदुसष्ट पौंड प्रति इंच. नैसर्गिक कंपन सेकंदाला जवळपास एक वेळ. वाळवंटात तासन् तास बसायला हाच वेग हवा.

दोन स्प्रिंगमधल्या सरकत्या कडीला शॉकच्या अंगावरच्या रिंगने अडवलं की वरची स्प्रिंग थांबते आणि पुढे एकटी ३०० ची काम करते. राइड हाइटपासून शॉक साडेचार इंच दबल्यावर हे व्हावं अशी रिंग लावू. तिथपर्यंत वरची ७.३५ इंच दबलेली असते आणि खालची ४.९. पुढचे ६.७५ इंच सगळे खालच्या स्प्रिंगवर, म्हणजे पूर्ण दाबल्यावर ती ११.६५ इंच दबते. स्प्रिंग मागवताना तिची वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंतची दबण्याची क्षमता विचारा, ती याहून किमान इंचभर जास्त हवी. कमी पडली तर पहिल्याच मोठ्या उडीत स्प्रिंग लोखंडाच्या ठोकळ्यासारखी होते आणि शॉकचं वरचं कान तुटतं.

पूर्ण दाबल्यावर एका शॉकवर सुमारे ३,५०० पौंड येतात. तो भार आर्मच्या ४८ पैकी ३६ व्या इंचावर पडतो, म्हणून आर्मवर ३१ हजार पौंड-इंचांपेक्षा जास्त वाकवणारा मोमेंट येतो, तोही फक्त स्प्रिंगचा, स्थिर अवस्थेतला. डॅम्पिंग, बंप स्टॉप आणि आदळण्याचा झटका धरून मी तिप्पट धरतो. साध्या गोल नळीचा ट्रेलिंग आर्म इथे टिकत नाही. ३/१६ इंच जाड पत्र्याचा चौकोनी पेटीसारखा आर्म, मध्यभागी उंच, आतून आडव्या पट्ट्या घातलेला, असाच हवा. वरच्या लिंकवर फक्त ताण आणि दाब येतो, त्या २ इंच व्यासाच्या, पाव इंच जाड भिंतीच्या नळीच्या चालतात.

कापण्याआधी

बॅटरीची तार काढा. इंधनाची टाकी पूर्ण उतरवा आणि त्या खोलीतून बाहेर न्या. "टाकी रिकामी आहे" हे कारण चालत नाही, रिकाम्या टाकीतली वाफच स्फोटक असते. फ्रेम चार मजबूत स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नव्हे. पाटे काढताना आधी ॲक्सल जॅकवर घेऊन पाट्याचा ताण सोडा, मग यू-बोल्ट.

रेंजरची टाकी ड्रायव्हरच्या बाजूला फ्रेमच्या आत असते आणि ती ट्रेलिंग आर्मच्या वाटेत येते. तिच्या जागी हौद्यात, केजच्या (नळ्यांच्या संरक्षक पिंजऱ्याच्या) आत बसवलेला, फोम भरलेला फ्युएल सेल (शर्यतीची सुरक्षित टाकी) घ्या. ट्रक उलटला तर बंद होणारा व्हेंट व्हॉल्व्ह त्याला हवाच. सायलेन्सरची नळीही इथेच वळवावी लागते.

आता पहिली खरी पायरी. हौदा काढा, नवा ॲक्सल चाकांसकट फ्रेमखाली ढकला आणि तो पूर्ण दाबलेल्या उंचीवर, म्हणजे राइड हाइटपेक्षा १५ इंच वर, जॅकने उचला. मूळ फ्रेम त्याआधीच आडवी येईल. हीच जागा कापायची. कॅबच्या मागे योग्य ठिकाणी फ्रेम तोडून मागचा भाग नव्या नळ्यांचा बांधायचा, ॲक्सलवर कमान घेणारा. तोडण्याआधी फ्रेमच्या मधोमध सुतळी ताणून, ओळंबा सोडून जमिनीवर खडूने मध्यरेषा आणि ॲक्सलची रेषा काढा. त्यावर वार्निश मारा, कारण हे काम आठवडे चालतं आणि खडू पुसला जातो. पुढचं प्रत्येक ब्रॅकेट या रेषांपासूनच मोजायचं. जुनी फ्रेम आणि नव्या नळ्या यांचा जोड सरळ आडवा नको. पट्टीने दोन्ही बाजूंनी, माशाच्या तोंडासारखा कापलेला, फ्रेमच्या आत किमान १० इंच जाणारा असावा.

हाऊसिंगवर वेल्डिंग

हाऊसिंगच्या माथ्यावर ट्रस (मजबुतीची चौकट) आणि लिंकचे टॅब (जोडायचे कान) वेल्ड करताना नळ्या वाकतात. थोड्याशा वाकण्याने चाकं आत-बाहेर तिरपी होतात आणि बेअरिंग खातात. बेअरिंगच्या जागी कड्या बसवून त्यांतून जाणारा सरळ जाड बार हाऊसिंगमध्ये घालूनच वेल्ड करा. इंच-दोन इंचांचे तुकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये हात लावता येईल एवढं थंड होऊ द्या. शेवटी बार हाताने फिरला पाहिजे. फिरत नसेल तर उलट बाजूला गरम करून हाऊसिंग सरळ करा, गिअर बसवण्याआधी.

४१३० मिश्रधातू (क्रोम-मॉली पोलाद) वापरत असाल तर टिग वेल्डिंग आणि स्वच्छ कडा, आणि वेल्ड पाण्याने किंवा हवेच्या झोताने कधीही थंड करू नका. घरच्या गॅरेजमध्ये मिग वेल्डिंग मशीन असेल तर डीओएम (साच्यातून ओढून अचूक मापाची केलेली) माइल्ड स्टीलची जाड नळी निवडा. चांगल्या वेल्डचं साधं पोलाद वाईट वेल्डच्या ४१३० पेक्षा जास्त विश्वासाचं. जस्ताचा थर असलेला पत्रा आधी घासून घ्या, त्याचा धूर फुफ्फुसांना घातक असतो.

फक्त टाके मारून चाल तपासणं

ही पायरी मला सर्वात प्रिय आहे, आणि सर्वात जास्त वेळ हिलाच द्यावा असं वाटतं. सगळे ब्रॅकेट, लिंक, शॉकचे कान, बंप स्टॉपची जागा फक्त टाके मारून लावा. पूर्ण वेल्ड अजिबात नाही. स्प्रिंग बसवू नका. शॉकच्या जागी एकमेकांत सरकणाऱ्या दोन नळ्या चालतात.

मग ॲक्सल पूर्ण दाबलेल्या स्थितीतून दोन-दोन इंच खाली आणा आणि प्रत्येक ठिकाणी तक्ता भरा: पिनियनचा (ॲक्सलमध्ये शाफ्ट जिथे शिरतो त्या गिअरचा) कोन, प्रोपेलर शाफ्टची लांबी, शॉकची लांबी, टायर ते जवळचा पत्रा, लिंक ते फ्रेम, ब्रेक होजचा ताण. पिनियनचा कोन मोजायला डिजिटल कोनमापक लागेल. शाफ्टच्या दोन्ही टोकांना साधे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असतील तर ट्रान्समिशनकडचा आणि पिनियनकडचा कोन जवळपास सारखे हवेत, निदान राइड हाइटच्या आसपास. लोंबत्या टोकाला पिनियनचा क्रॉस अडकत असेल तर वरच्या लिंकची लांबी किंवा भोक बदला. शाफ्टची सर्वात कमी आणि सर्वात जास्त लांबी मिळाली की स्लिपला (शाफ्टच्या सरकत्या जोडाला) दोन्हीकडे इंचभर जादा सोडा. सुपरकॅबचा दोन तुकड्यांचा मूळ शाफ्ट ठेवत असाल तर मधलं बेअरिंग ट्रेलिंग आर्मच्या पिव्हटजवळ आणा, तिथे लांबीचा फरक सर्वात कमी येतो.

यानंतर तिरकं तपासा: डावं चाक पूर्ण वर, उजवं पूर्ण खाली. चाकांमध्ये ६५ इंच अंतर आणि २४ इंचांचा फरक, म्हणजे ॲक्सल जवळपास २० अंश तिरपा. साध्या रॉड एंडला (लिंकच्या टोकाच्या जॉइंटला) एवढा पिळ झेपत नाही. गोलाकार बेअरिंगला जास्त हलू देणारे निमुळते स्पेसर किंवा युनिबॉल (मोठं गोलाकार बेअरिंग) लागतात. जॉइंट अडला की तो बोल्टला वाकवायला सुरुवात करतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. प्रत्येक जॉइंट दोन टॅबच्या मध्ये हवा, एका बाजूने लटकलेला नको. बोल्टचा गुळगुळीत भाग टॅबमध्ये, आटे बाहेर. लिंकच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्याला डावे आटे ठेवले तर न काढता लांबी बदलता येते.

तक्ता समाधानकारक आला की मगच पूर्ण वेल्ड. आणि वेल्ड झाल्यावर तोच तक्ता पुन्हा भरायचा, कारण वेल्डने ब्रॅकेट ओढले जातात.

चालीची दोन टोकं

लोंबत्या टोकाला नायलॉनचे लिमिट स्ट्रॅप, दोन्ही बाजूंना. शॉक पूर्ण उघडायच्या आधी अर्धा इंच स्ट्रॅपने अडवायला हवं. स्ट्रॅप ताणला की साधारण दहा टक्के लांबतो, तेवढा आखूड घ्या. ॲक्सलची सारी लोंबती शक्ती शॉकच्या आतल्या टोप्यांवर पडली तर शॉक आतून तुटतो आणि ते तेल गळायला लागेपर्यंत कळत नाही.

वर नायट्रोजन भरलेले हायड्रॉलिक बंप स्टॉप. चाकाच्या शेवटच्या चार इंचांत त्यांनी काम सुरू करावं, आणि ते पूर्ण दबले तेव्हाही शॉकचा दांडा किमान अर्धा इंच बाहेर असावा. त्यांचा मार हाऊसिंगवर सपाट पडला पाहिजे, कोनात नाही. फ्रेमच्या ज्या भागावर ते बसतात तो हौद्यातल्या केजशी जोडा. केजच्या नळ्या पावणेदोन इंच व्यासाच्या, ०.१२० इंच भिंतीच्या. शॉकच्या वरच्या कानापासून भार सरळ फ्रेमपर्यंत जाणारी त्रिकोणी वाट हवी. नळीच्या मध्यभागी शॉकचं कान लावलेला केज पहिल्या शनिवारीच वाकतो.

एवढ्या मऊ स्प्रिंगवर ट्रक वळणात झुकतो. टोकांना उभ्या खाचा (स्प्लाइन) असलेल्या टॉर्शन बारचा, झुकणं कमी करणारा अँटी-रोल बार मागे लावा, पण त्याच्या हातांची लांबी तिरकी चाल अडवणार नाही अशी ठेवा. ब्रेकसाठी धातूची वीण असलेला लांब होज वरच्या लिंकला समांतर न्या. हाऊसिंगच्या श्वासनळीला लांब नळी जोडून ती केजमध्ये उंच बांधा, नाहीतर ओढा पार करताना गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं.

शॉक जुळवणं

कॉइलओव्हरसोबत बायपास शॉक लावा, दोन्हीत प्रत्येकी सहसा २०० पीएसआय नायट्रोजन. दाबाखालचा शॉक उघडायचा प्रयत्न कुणीही करू नये. बायपासच्या बाहेरच्या नळ्यांतून तेल वळतं, म्हणून मधल्या भागात चाक सहज हलतं आणि टोकांकडे कडक होतं. कॉइलओव्हरचं डॅम्पिंग हलकं ठेवा, मुख्य काम बायपासला करू द्या.

चाचणीला दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ओकोटिलो वेल्स किंवा बारस्टोजवळची मैदानं यांसारख्या ऑफ-रोड वाहनांसाठी राखलेल्या जागी जा, तेच दोनशे-तीनशे फूट व्हूप्स वारंवार, त्याच वेगाने. क्रम असा: आधी राइड हाइट आणि प्रीलोड, मग स्प्रिंगची रिंग, मग बंप स्टॉपचा दाब, आणि शेवटी बायपास. एका फेरीत एकच बदल, तोही वहीत लिहून. शॉकच्या दांड्यावर झिप टाय बांधली की किती चाल वापरली ते दिसतं. साध्या व्हूप्समध्येच पूर्ण चाल संपत असेल तर दाबाचं डॅम्पिंग वाढवा. व्हूप्समधून जाताना मागचा भाग प्रत्येक उंचवट्यागणिक खाली बसत चालला असेल तर रिबाउंड (चाक पुन्हा खाली येतानाचं डॅम्पिंग) जास्त घट्ट आहे, चाकाला पुन्हा खाली यायला वेळ मिळत नाही. मागचा भाग घोड्यासारखा लाथ मारत असेल तर बहुधा रिबाउंड कमी आहे किंवा बंप स्टॉपमध्ये दाब जास्त. फेरी संपल्यावर दोन्ही बाजूंच्या शॉकचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. एक बाजू बरीच जास्त गरम असेल तर डॅम्पिंगकडे वळण्याआधी त्या बाजूचा जॉइंट किंवा कान अडतोय का ते पाहा.

पहिल्या चाचणीनंतर, ट्रक ट्रेलरवर चढवण्याआधी, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि प्रत्येक लिंकचा जॅम नट तपासा. बोल्टवर रंगाची रेघ मारली की पुढच्या वेळी नुसत्या नजरेने कळतं. घरी आल्यावर सगळे वेल्ड वायर ब्रशने साफ करून चिरेत शिरणाऱ्या भेदक रंगाने तपासा, विशेषतः ट्रेलिंग आर्मवरच्या शॉकच्या कानाभोवती आणि जुन्या फ्रेमच्या जोडाच्या पुढच्या टोकाला. केसाएवढी जरी चीर दिसली तरी तिच्या टोकाला भोक पाडून, खोबण करून पूर्ण वेल्ड करा, वर गसेट (मजबुतीची पट्टी) घाला, आणि मगच पुढच्या फेरीला निघा.